गोदामाचा हिशेब आता मोबाईलवर

मुंबई-नाशिक महामार्गावर भिवंडीच्या आसपास ऑनलाईन विक्री करणाऱ्या कंपन्यांची मोठमोठी गोदामे उभी आहेत. त्यांचा पसारा पाहून छोट्या व्यापाऱ्याची छाती दडपते. परंतु माल मोजण्याचे जे तंत्र तेथे चालते, ते आता आपल्या खिशातल्या मोबाईलवरही चालते, हे व्यापारी बांधवांनी ध्यानात घ्यावे.

आम्ही चादरी, टॉवेल आणि लुंग्यांचा धंदा करतो. दुकानात गिऱ्हाईक समोर असते; एक माल नसला तर दुसरा दाखवता येतो. ऑनलाईन विक्रीत ती सोय नाही. एकच चादर तीन साइटवर लावलेली असते, गोदामात नग उरतो एक आणि ऑर्डर येतात तीन. दोन रद्द कराव्या लागतात, नाव खराब होते. रात्री वहीत नोंद करून उपयोग नाही, कारण नुकसान दुपारीच झालेले असते.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक नगावर बारकोडची चिठ्ठी. (बारकोड काही नवी करामत नव्हे, १९७४ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात च्युइंगगमच्या पाकिटापासून दुकानात त्याचा वापर सुरू झाला.) मोबाईलच्या कॅमेऱ्याने चिठ्ठी वाचली की आवक-जावक नोंदली जाते. ही नोंद इंटरनेटमार्फत दूरच्या संगणकात जमा होते, त्यालाच क्लाऊड म्हणतात. गोदामातला पोरगा आणि पेढीवरचा मालक एकच आकडा पाहतात. साइट जोडलेल्या असतील तर तेथील शिल्लकही आपोआप घटते.

खरी मेहनत नावे ठरवण्यात आहे. १२ डिझाईन, ४ रंग, २ मापे म्हणजे ९६ वेगळे कोड. एकाच रंगाला एकाने मेहंदी आणि दुसऱ्याने हिरवा लिहिले की सारे मुसळ केरात. म्हणून ही यादी गोदामातल्या जुन्या माणसाकडूनच करून घ्यावी. आमच्याकडे ती चाचांनी केली. मोबाईल आल्यावर आपली गरज संपेल अशी त्यांना धास्ती होती, आणि ती खोटी नव्हती. कोणता माल कुठे आहे हे डोक्यात असणे हीच त्यांची किंमत होती. आता परत आलेला माल तेच तपासतात. वापरलेली, डागाळलेली चादर न पाहता शिलकेत चढवली तर ती दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या घरी जाते. ती पारख कॅमेऱ्याला नाही.

प्रत्येक कामगाराचे लॉगिन वेगळे असल्याने चूक कोणाची ते दिसते. त्यावरून पगार कापावा असे कोणाच्या मनात येईल. आम्हाला ते पटत नाही. पगार कापला की पोरे चुका लपवतात आणि आकडा पुन्हा खोटा होतो. त्यापेक्षा रोज एक रॅक मोजावी. जकातीच्या हिशेबालाही मग धावपळ होत नाही.

जीएसटीच्या नियमांनुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याला, कंपोझिशन योजनेतील सोडून, मालाची आवक, विक्री, नासधूस, चोरी आणि शिल्लक यांची नोंद ठेवावीच लागते. ती संगणकावर ठेवली तरी चालते.

ॲप घेताना दोन गोष्टी विचारून घ्या. पत्र्याच्या शेडमध्ये नेटवर्क गेले तरी नोंद होते काय? आणि उद्या महिन्याचे भाडे बंद केले तर आपला सारा हिशेब एक्सेलच्या फाईलमध्ये परत मिळतो काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊ नका. पैसे भरण्यापूर्वी फाईल काढून पाहा.