अंड्याआधी खुराडं तपासा!

घराची स्वच्छता बघायची तर मोरी बघावी, असं जुन्या बायका म्हणायच्या. दिवाणखाना काय, पाहुणे यायच्या आधी पाच मिनिटांत आवरता येतो. मोरी मात्र खरं बोलते. पोल्ट्रीचंही तसंच आहे. ट्रेमध्ये मांडलेली स्वच्छ अंडी हा तिथला दिवाणखाना. खरी परिस्थिती कळते ती खाली साठलेल्या विष्ठेतून, पंख्यावरच्या धुळीतून आणि कोपऱ्यातल्या उंदरांच्या लेंड्यांमधून. म्हणूनच अंड्यांतून होणाऱ्या साल्मोनेलाच्या आजाराला आळा घालायचा, तर परदेशात आधी खुराडं तपासतात.

साल्मोनेला हे नाव ऐकून साल्मन मासा आठवतो, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. १८८५ मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ यांनी डुकरांमध्ये हा जंतू शोधला आणि त्यांचे वरिष्ठ, पशुवैद्य डॅनियल साल्मन यांचं नाव त्याला मिळालं. हा जंतू पोटात गेला की ताप, पोटात मुरडा आणि जुलाब सुरू होतात. धडधाकट माणूस बहुधा आठवड्याभरात बरा होतो. पण तान्ही बाळं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायका यांच्या बाबतीत मामला गंभीर होऊ शकतो.

यातली खरी मेख ऐका. साल्मोनेलाचा 'एन्टरायटिडिस' नावाचा एक प्रकार कोंबडीच्या अंडाशयातच जाऊन बसतो. म्हणजे कवच तयार व्हायच्या आधीच जंतू अंड्याच्या आत! वरून कितीही घासूनपुसून धुतलं तरी उपयोग नाही. आणि कोंबडी? ती मात्र टुणटुणीत. खाते, पिते, रोज अंडी घालते. तिच्याकडे बघून कुणाला शंकासुद्धा यायची नाही.

मग अंडीच का तपासत नाहीत? तर अशी दूषित अंडी फारच थोडी असतात. अमेरिकेतला एक नेहमी सांगितला जाणारा अंदाज वीस हजारांत एक, असा आहे. गवताच्या गंजीत सुई शोधण्यातलाच प्रकार. आजारी कळपाची विष्ठा आणि धूळ मात्र शेडभर पसरलेली असते. तिथे जंतू सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त.

तपासणीची पद्धत तर अगदी घरगुती वाटावी अशी. अमेरिकेत गॉजची घडी आटवलेल्या दुधात भिजवतात, दोरीला बांधतात आणि पिंजऱ्यांच्या रांगेखालच्या विष्ठेवरून ओढत नेतात. दुधामुळे जंतू प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तग धरतात. युरोपात जमिनीवर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांच्या शेडमध्ये बुटांवर शोषून घेणारे मोजे चढवतात आणि शेडभर चालतात. ते मोजेच मग नमुना म्हणून जातात. प्रयोगशाळेत जंतू वाढवून, ओळख पटवून उत्तर मिळायला काही दिवस लागतात.

अमेरिकेने याचा नियम २००९ मध्ये जाहीर केला. पन्नास हजार किंवा त्याहून जास्त कोंबड्या असलेल्या फार्मना तो जुलै २०१० पासून लागू झाला आणि तीन हजारांपासून पुढच्यांना जुलै २०१२ पासून. कोंबड्या ४० ते ४५ आठवड्यांच्या झाल्या की शेडचे नमुने घ्यायचे. त्यात 'एन्टरायटिडिस' सापडला, तर दर दोन आठवड्यांनी एक हजार अशी चार वेळा अंडी तपासायची. अंड्यातही जंतू निघाला, तर ती अंडी बाजारात कवचासकट विकायची नाहीत.

पण नियम आला आणि महिन्याभरात आयोवा राज्यातलं प्रकरण उघडकीला आलं. ऑगस्ट २०१० मध्ये तिथल्या दोन कंपन्यांना मिळून पन्नास कोटींहून अधिक अंडी परत मागवावी लागली. १,९३९ आजारी माणसांची नोंद झाली. तपासनीस गेले तेव्हा विष्ठेचे ढीग काही ठिकाणी पुरुषभर उंच, उंदीर आणि माश्यांचा सुळसुळाट! पुढे चौकशीत कळलं, की त्यातल्या एका कंपनीने २००८ ते २०१० या काळात स्वतःच नमुने तपासून घेतले होते आणि त्यात चारशेहून अधिक वेळा साल्मोनेला सापडला होता. कागद होते, पण अंडी बाजारात जातच राहिली. २०१५ मध्ये मालक बापलेकांना प्रत्येकी तीन महिन्यांची कैद सुनावली गेली.

मैत्रिणींनो, हे वाचून मला आपलीच कपाटं आठवली. हिमोग्लोबिनचा, साखरेचा रिपोर्ट आणायचा, घडी करून ठेवायचा आणि पुन्हा कामाला लागायचं. तपासणी करून घेणं ही निम्मीच गोष्ट. त्यावर काही केलं तरच तिचा उपयोग.

केलं तर काय होतं, ते ब्रिटनने दाखवलं. डिसेंबर १९८८ मध्ये तिथल्या उपमंत्री एडविना करी यांनी देशातल्या बहुतेक अंडी उत्पादनात साल्मोनेला आहे, असं विधान केलं. अंड्यांचा खप धाडकन कोसळला आणि दोन आठवड्यांत बाईंना राजीनामा द्यावा लागला. पण १९९८ पासून सिंहाचा शिक्का असलेल्या अंड्यांसाठी कोंबड्यांना लस, तपासणी आणि स्वच्छता यांची शिस्त बसली. २०१७ मध्ये सरकारी अन्नसंस्थेने सांगितलं, की या शिक्क्याचं अंडं आता गरोदर बायकांनी अर्धकच्चं खाल्लं तरी चालेल.

आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानातलं सुटं अंडं कुठल्या शेडमधून आलं, हे आपल्याला कळत नाही. म्हणून काळजी आपल्याच हातात. अंडं बलक घट्ट होईपर्यंत शिजवा. लहान मुलांना, आजी-आजोबांना आणि गरोदर सुनेला हाफ फ्राय नकोच. कच्च्या अंड्याचं मेयॉनीज घरी करू नका. तडकलेलं अंडं घेऊ नका, आणि कच्च्या अंड्याला हात लागला की साबणाने धुवा.

बचत गटातून कोंबड्या पाळणाऱ्या बायका मला विचारतात, ''ताई, कोंबडी तर चांगली दिसते, मग कशाला एवढं?'' त्यांना माझं सांगणं एवढंच, की खुराड्यात जायची चप्पल वेगळी ठेवा, खाद्य झाकून ठेवा, उंदरांचा बंदोबस्त करा आणि एक बॅच गेली की खुराडं खरवडून, धुऊन, पुरतं वाळवून मगच नवी पिल्लं आणा. शंका वाटली तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. गावातली पोरं तुमची अंडी खातात, बायांनो. त्यांच्यासाठी एवढं करायलाच हवं.