वारसा कीं संदेश?

एखाद्या पोस्टाच्या कचेरींत दिवसभर काय चालतें हें लिहून काढावयाचें झाल्यास दोन रीति संभवतात. एक म्हणजे घडणाऱ्या क्रिया ओळीनें मांडणें: अमुक वेळीं तिकिट विकलें, अमुक वेळीं मनिऑर्डर घेतली. दुसरी म्हणजे तेथील पात्रें ठरविणें: खिडकीमागें कारकून, पुढें गिऱ्हाइकांची रांग, आणि प्रत्येकाचें काम निराळें. हीं पात्रें एकमेकांशीं कशीं वागतात एवढें सांगितलें कीं कचेरीचा व्यवहार आपोआप उलगडत जातो. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारांनीं ही दुसरी रीत उचलली, तेव्हां 'ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग' या पद्धतीचा पाया घातला गेला. ऑब्जेक्ट म्हणजे असें एक पात्र. स्वतःची माहिती व ती वापरण्याचे नियम हीं दोन्हीं तें स्वतःजवळ बाळगतें.

हा पाया नॉर्वेंत घातला गेला. ओस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्यें क्रिस्टन न्यूगोर व ओले-योहान डाल यांनीं १९६० नंतरच्या दशकांत 'सिम्युला' ही भाषा रचली. गुंतागुंतीच्या व्यवस्थेचें वर्तन आधीं संगणकावर घडवून पाहावें, हा त्यांचा उद्देश. यंत्राला हुकूम देणें हें तर त्या भाषेचें काम होतेंच. पण व्यवस्थेचें वर्णन माणसाला माणसापुढें मांडतां यावें, हेंहि तिचें तितकेंच महत्त्वाचें काम होतें. १९६७ च्या 'सिम्युला ६७' मध्यें 'क्लास' अर्थात् वर्ग, आणि वर्गांमधील वारसा, या कल्पना आल्या. जकातनाक्यापुढें मोटारी, ट्रक व बसगाड्या उभ्या असल्या, तर त्यांचे समान गुण 'वाहन' या वर्गांत एकदांच लिहावे आणि भेद तेवढे खालच्या वर्गांत नोंदावे, अशी ही सोय होती.

अमेरिकेंत ॲलन के यांना १९६६ सालीं युटा विद्यापीठांत सिम्युलाचा परिचय झाला. त्यांनीं जीवशास्त्राचाहि अभ्यास केलेला होता. शरीरांतील पेशी आपले अंतरंग आवरणाआड ठेवते आणि इतर पेशींशीं संकेतांच्या द्वारें व्यवहार करते. आज्ञावलीहि तशीच बांधावी, असें त्यांच्या मनानें घेतलें. १९७२ पासून झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधनकेंद्रांत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'स्मॉलटॉक' ही भाषा घडविली. तींत एका ऑब्जेक्टनें दुसऱ्याच्या पोटांत हात घालावयाचा नाहीं. केवळ संदेश धाडावयाचा, आणि त्याचें काय करावयाचें तें दुसऱ्यानें ठरवावयाचें. पुढें १९९८ मध्यें के यांनीं स्पष्टच सांगितलें कीं 'ऑब्जेक्ट' या नांवामुळें लोकांचें लक्ष गौण गोष्टीकडे गेलें. मुख्य कल्पना संदेशाची होती.

पद्धतीचा प्रसार मात्र 'सी प्लस प्लस' (१९८५) व 'जावा' (१९९५) या भाषांच्या द्वारें झाला, आणि त्या प्रसारांत वारशाला मोठें स्थान मिळालें. आधीं लिहिलेलें पुन्हां लिहावें लागूं नये, हा त्याचा मोह. पण वडिलोपार्जित इस्टेटीबरोबर कर्जहि पदरीं येतें. मूळ वर्गांत केलेला क्षुल्लक फेरफार खालच्या अनेक वर्गांचें वर्तन बिघडवूं शकतो, कारण ते त्याच्या अंतरंगावर विसंबलेले असतात. जें आवरण राखण्यासाठीं हा खटाटोप होता, त्यालाच वारशानें भोंक पडलें. १९९४ सालच्या 'डिझाइन पॅटर्न्स' या ग्रंथानेंहि वारशापेक्षां स्वतंत्र भाग एकत्र जोडण्याची रीत पसंत करावी, असा सल्ला दिला.

नव्या भाषांनीं हा धडा घेतलेला दिसतो. २००९ मध्यें प्रकट झालेली 'गो' आणि २०१५ मध्यें पहिली स्थिर आवृत्ति निघालेली 'रस्ट', या दोहोंत वर्गांचा वारसा नाहीं. एखादी वस्तु कोणाच्या कुळांतली, हें विचारण्याऐवजीं तिला काय करतां येतें, एवढेंच त्या विचारतात. स्वीडनच्या एरिक्सन कंपनींत १९८६ च्या सुमारास जन्मलेली 'अर्लांग' ऑब्जेक्टचें नांवहि घेत नाहीं. तरी तिच्यांत अनेक स्वतंत्र प्रक्रिया केवळ संदेशांनीं बोलतात, आणि एक कोसळली तरी बाकीच्या चालूं राहूं शकतात. टेलिफोन एक्स्चेंजला नेमकें हेंच हवें होतें.

म्हणून 'ऑब्जेक्टची पद्धत कालबाह्य झाली' असा निकाल देण्यापूर्वीं तिचा कोणता भाग टाकला जात आहे हें पाहणें अवश्य आहे. बँकेची किंवा इस्पितळाची आज्ञावली वर्षानुवर्षें चालते, आणि ती दुरुस्त करणारे बहुधा मूळ लेखक नसतात. एका जागीं केलेला बदल दुसऱ्या जागीं अनर्थ करणार नाहीं, हा भरंवसा त्यांना हवा असतो. वारसा गेला तरी तो भरंवसा टिकतो. आवरण व संदेश गेले, तर टिकणें कठीण.