विश्लेषण : निसर्गातून नामशेष झालेला ओरिक्स सहाराच्या काठावर कसा परतला?

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) लाल यादीत २००० मध्ये ‘निसर्गातून नामशेष’ ठरलेला शिमिटर-हॉर्न्ड ओरिक्स डिसेंबर २०२३ मध्ये ‘संकटग्रस्त’ या गटात आला. या यादीत अशी उलटी वाटचाल क्वचितच होते. ती कशी शक्य झाली आणि आता पुढे काय?

हा प्राणी नेमका कोणता?

ओरिक्स हरणासारखा दिसत असला तरी तो आपल्या काळविटाप्रमाणे कुरंग गटातला आहे. सांबर-चितळांची शिंगे दरवर्षी गळतात. कुरंगांची आयुष्यभर टिकतात. पांढरे अंग, तांबूस मान आणि समशेरीसारखी मागे वळलेली, मीटरभर लांब शिंगे ही याची ओळख. नर आणि मादी दोघांनाही शिंगे असतात. मादी साधारण आठ महिन्यांच्या गर्भकाळानंतर एकाच पिल्लाला जन्म देते.

पाण्याशिवाय तो जगतो कसा?

सहारा वाळवंट आणि त्याच्या दक्षिणेकडील साहेलचा गवताळ पट्टा हे त्याचे घर. तेथे पाऊस वर्षातले थोडेच आठवडे पडतो. घाम गाळून पाणी वाया घालवण्याऐवजी ओरिक्स दिवसा शरीराचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ देतो आणि रात्रीच्या गारव्यात ती उष्णता बाहेर टाकतो. मेंदूकडे जाणारे रक्त मात्र नाकाकडून येणाऱ्या थंड रक्तामुळे निवते. गवत, पाने आणि रानफळांतल्या ओलाव्यावर तो कित्येक महिने काढतो. आपल्याकडे कडू वृंदावन म्हणतात ते फळही तो खातो.

मग तो संपला कशामुळे?

दुष्काळ त्याला नवा नव्हता. मोटारी आणि बंदुका नव्या होत्या. उघड्या माळावर लपायला जागा नसते आणि मांस, कातडे व शिंगे यांसाठी त्याची बेसुमार शिकार झाली. चांगली कुरणे गुराढोरांकडे गेली. चाडमधील यादवीत संरक्षण कोलमडले. मॉरिटानियापासून सुदानपर्यंत पसरलेला हा प्राणी १९८०च्या दशकाअखेर मोकळ्या रानातून दिसेनासा झाला.

वाचला कोठे?

कुंपणाआड. १९६०च्या दशकात चाडमधून पकडून नेलेल्या काही डझन प्राण्यांची संतती प्राणिसंग्रहालयांत वाढत होती. १९८५ मध्ये ब्रिटनमधून काही ओरिक्स ट्युनिशियाच्या बू-हेदमा उद्यानात आणले गेले, पण तेही कुंपणातच. अमेरिकेच्या टेक्सासमध्ये तर खासगी रँचवर त्यांची संख्या हजारोंवर गेली. तेथे पैसे मोजून त्यांची कायदेशीर शिकारही होते.

घरवापसी कशी झाली?

चाड सरकार, अबुधाबीची पर्यावरण संस्था आणि सहारा कॉन्झर्व्हेशन यांनी ही मोहीम हाती घेतली. एकाच रक्ताचे प्राणी एकत्र आल्यास संतती दुबळी होते. म्हणून अबुधाबीत वेगवेगळ्या देशांतील ओरिक्सचा मिश्र कळप तयार करण्यात आला. मार्च २०१६ मध्ये पहिले २५ प्राणी विमानाने चाडला पोहोचले. काही महिने त्यांना कुंपणात ठेवून पावसाळ्यात, गवत उगवल्यावर ऑगस्टमध्ये सोडण्यात आले. गळ्यातील उपग्रह पट्ट्यांमुळे त्यांच्या हालचाली कळत राहिल्या. पुढे आणखी तुकड्या आल्या आणि मोकळ्या रानात पिल्ले जन्मू लागली.

धोका टळला का?

नाही. हे सारे घडले ते वाडी रिमे-वाडी अशीम अभयारण्य सुमारे ७८ हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढे आहे. त्याला कुंपण नाही. भटके पशुपालक पिढ्यान्पिढ्या तेथे गुरे, उंट चारतात. वणवे, दुष्काळ आणि शिकारीची भीती आहेच. शिवाय एकाच ठिकाणी राहणाऱ्या कळपाला एखादी साथ पुरेशी ठरू शकते. म्हणूनच ‘संकटग्रस्त’ हा शिक्का येथे चांगली बातमी असला, तरी तो इशाराही आहे. प्राणी पिंजऱ्यात वाढवता आले. त्यांना लागणारे रान तसे वाढवता येत नाही. ओरिक्सचे भवितव्य आता त्या कुरणावर आणि त्याच कुरणावर जगणाऱ्या पशुपालकांच्या सहकार्यावर अवलंबून आहे.