लिनक्स बूट होताना अडकतंय? फॉर्मॅट मारण्याआधी हे करून बघा



अपडेट झालं, संगणक पुन्हा सुरू केला, लोगो आला आणि पुढे काहीच नाही. अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: "फॉर्मॅट मारा." माझ्या ओळखीतल्या एका दुकानदारालाही तोच मिळाला होता. त्याच्या डिस्कवर दोन वर्षांच्या उधारीचा हिशोब होता! खरं तर डेटा शाबूत होता, फक्त कर्नल एका जागी थांबला होता. ती जागा कशी शोधायची, ते आज बघू.

१) कर्नल जिवंत आहे का?

कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर कर्नल जिवंत आहे, कशाची तरी वाट बघतोय. दिवा ढिम्म असेल तर कर्नल गोठलाय किंवा कीबोर्डचा ड्रायव्हर अजून सुरू झालेला नाही.

२) जुन्या कर्नलने सुरू करा

संगणक सुरू होताना ग्रबचा मेनू उघडा. उबुंटूमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'खाली आधीचा कर्नल दिसतो. तो निवडा. त्यावर संगणक चालू झाला तर दोष बहुधा नव्या कर्नलच्या बाजूला आहे. आधी बॅकअप घ्या, मग पुढचं. त्या दुकानदाराचा हिशोब याच वाटेने पेनड्राइव्हवर आला.

३) लोगोमागचे मेसेज बघा

आता मेनूत नव्या कर्नलवर जाऊन 'ई' दाबा. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतून 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे शब्द काढा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे घाबरू नका. आता लोगोऐवजी कर्नलचे मेसेज दिसतील.

४) शेवटची ओळ फसवते

इथे बरेच जण चुकतात. स्क्रीनवरची शेवटची ओळ म्हणजे बहुतेक वेळा नीट पार पडलेलं काम. अडकलंय ते त्याच्या पुढचं, ज्याची ओळ अजून आलेलीच नाही. म्हणून त्याच ओळीच्या शेवटी 'इनिटकॉल_डीबग' आणि 'इग्नोर_लॉगलेव्हल' हे शब्द इंग्रजीत, अंडरस्कोरसकट टाइप करा. मग कर्नल प्रत्येक काम सुरू करताना 'कॉलिंग' आणि संपल्यावर 'रिटर्न्ड' असं लिहितो. ज्याचं 'कॉलिंग' आलं पण 'रिटर्न्ड' आलं नाही, त्याच्यावर पहिला संशय. ते नाव ग्राफिक्स ड्रायव्हरचं असेल तर 'नोमोडसेट' लिहून बघा. दुसरं एखादं मॉड्यूल असेल तर 'मॉड्यूल_ब्लॅकलिस्ट' लिहून, बरोबरचं चिन्ह देऊन त्याचं नाव टाका.

५) सापडलेलं कारण खरंच कारण आहे का?

सप्टेंबर २०१९ मध्ये लिनक्स ५.३ येण्याच्या तोंडावर एका डेव्हलपरचा लॅपटॉप बूट होताना अडकू लागला. गंमत म्हणजे, कीबोर्डची बटणं दाबली की तो पुढे जायचा! त्याने गिट बायसेक्ट वापरलं. म्हणजे चालणारी आणि न चालणारी आवृत्ती घ्यायची, मधली तपासायची आणि दरवेळी निम्मे बदल बाद करायचे. हजार बदल असले तरी साधारण दहा फेऱ्यांत काम होतं.

दोष निघाला ईएक्सटी४ फाइल सिस्टिममधल्या एका सुधारणेत. पण ती चुकीची नव्हतीच! तिच्यामुळे डिस्कची कामं कमी झाली, म्हणून यादृच्छिक आकड्यांसाठी कर्नल जी अनियमितता गोळा करतो तीही कमी पडली आणि ते आकडे मागणारा प्रोग्रॅम वाट बघत बसला. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ती सुधारणा तात्पुरती मागे घेतली आणि ५.४ मध्ये खरा उपाय आला: अनियमितता कमी पडली तर कर्नल ती स्वतःच तयार करतो.

म्हणून मित्रांनो, संशयित सापडला की लगेच शिक्षा देऊ नका. तो कशाची वाट बघतोय, हे आधी विचारा. आणि फॉर्मॅट? तो सगळ्यात शेवटी.