एका पोटकलमाचे न्यायालय

कायदा कोण करतो, या प्रश्नाला शालेय नागरिकशास्त्रात एक ठरलेले उत्तर असते : कायदेमंडळ कायदा करते, शासन तो अमलात आणते आणि न्यायालय त्याचा अर्थ लावते. उत्तर चुकीचे नाही. परंतु परीक्षेत पूर्ण गुण मिळवून देणाऱ्या या उत्तराने विद्यार्थ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. आपल्या शहरातील विद्यार्थ्याने, आणि त्याच्या शिक्षकानेही, जालना रस्त्यावरील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा जन्म कसा झाला एवढे तपासले, तर त्याला अधिक सकस उत्तर मिळेल.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि येथील पक्षकाराचे उच्च न्यायालय हैदराबादहून मुंबईस गेले. १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्यात विदर्भासाठी नागपूरला किमान तीन न्यायमूर्ती बसतील, अशी स्पष्ट तरतूद झाली. मराठवाड्याच्या वाट्याला तसे काही आले नाही. नांदेडच्या शेतकऱ्याने जमिनीच्या अपिलासाठी मीटरगेज गाडीने मनमाड गाठावे, तेथे गाडी बदलून मुंबईस जावे आणि पुढची तारीख घेऊन तसेच परत यावे, हा क्रम पाव शतक चालला. वकिलाच्या फीखेरीज मुंबईच्या मुक्कामाचा खर्च ज्याला झेपत नसे, त्याच्यापुरता खालच्या कोर्टाचा निकालच अखेरचा. अपिलाचा हक्क मात्र कागदावर सर्वांना सारखाच होता!

१९७८ साली राज्य विधिमंडळाने औरंगाबादला खंडपीठ व्हावे, असा एकमुखी ठराव केला. आमदारांचे एकमत झाले, मग अडले कोठे, असे सामान्य माणसास वाटणे साहजिक आहे. परंतु ठराव म्हणजे सभागृहाने व्यक्त केलेले मत. तो कायदा नव्हे. कायदा व्हावयाचा तर विधेयक मांडावे लागते, त्याच्या एकेका खंडावर विचार होऊन ते दोन्ही सभागृहांत संमत व्हावे लागते आणि राज्यपालांची, काही बाबतींत राष्ट्रपतींची, अनुमती मिळाली म्हणजे त्याचा अधिनियम होतो. येथे तर राज्याने विधेयक आणूनही भागले नसते. घटनेच्या सातव्या अनुसूचीत उच्च न्यायालयांची रचना व संघटन हा विषय केंद्राच्या सूचीत आहे. (त्या नोंदीत न्यायालयांच्या सुट्ट्यांचाही उल्लेख सुटलेला नाही.)

तेव्हा वाट शोधावयाची ती संसदेने पूर्वीच केलेल्या कायद्यात. राज्यपुनर्रचना कायदा, १९५६ याच्या ५१ व्या कलमात ती होती. त्याच्या दुसऱ्या पोटकलमानुसार राष्ट्रपती, राज्यपाल व मुख्य न्यायमूर्ती यांच्याशी विचारविनिमय करून, कायम खंडपीठ स्थापू शकतात. तिसरे पोटकलम अधिक नम्र आहे : मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने ठरवतील अशा अन्य ठिकाणीही न्यायाधीश बसू शकतील. कायम खंडपीठाचा प्रश्न दिल्लीत रेंगाळत असता या तिसऱ्या पोटकलमाचा आधार घेण्यात आला आणि २७ ऑगस्ट १९८१ पासून औरंगाबादेत उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले.

या व्यवस्थेला लागलीच आव्हान मिळाले. १९५६ ची ती तरतूद संक्रमणकाळापुरती होती, आता तिचा आधार घेता येणार नाही, असा आक्षेप होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य करून आपल्याच मुख्य न्यायमूर्तींचा आदेश रद्द ठरवला. न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्यावर वर्गात तासभर व्याख्यान देण्यापेक्षा हा एक प्रसंग सांगणे अधिक परिणामकारक होईल. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. पुराणिक खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात १९८२ साली निकाल फिरला : ५१ वे कलम संपलेले नाही, दुसरे व तिसरे पोटकलम स्वतंत्र आहेत आणि मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार अबाधित आहे. संसदेने एक अक्षरही नव्याने लिहिले नव्हते, तरी त्या ओळींत किती बळ आहे हे या निकालाने निश्चित झाले. कायदा कोण करतो, या प्रश्नाच्या पाठ्यपुस्तकी उत्तरात न्यायालयाचा हा वाटा फार संकोचाने सांगितला जातो, असे आमचे मत आहे.

पुढे राष्ट्रपतींच्या आदेशाने २७ ऑगस्ट १९८४ पासून हे खंडपीठ कायम झाले. विधिमंडळाच्या ठरावापासून मोजले तर सहा वर्षे गेली. घटनेने अनेक हातांत अधिकार वाटून दिला तो उतावीळपणास आळा बसावा म्हणून. परंतु प्रत्येक हाताने कागद आपल्या टेबलावर किती काळ ठेवावा, यावर कोणतेच कलम बंधन घालीत नाही. त्या सहा वर्षांचा भुर्दंड कोणत्याही खात्याने सोसला नाही, तो पक्षकाराने सोसला.

नावाचेही असेच आहे. मुंबई शहराचे इंग्रजी नाव १९९५ साली बदलले, तरी उच्च न्यायालय इंग्रजीत ‘बॉम्बे’च राहिले, ते बदलण्यासाठी २०१६ साली लोकसभेत मांडलेल्या विधेयकाचा कायदा झाला नाही. शहराच्या नावाला शासनाची अधिसूचना पुरते, न्यायालयाच्या नावाला संसद लागते.

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरास उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हेही त्याला जोडले गेले. त्याच्या आदेशाला आधार होता तो १९५६ च्या त्याच कायद्याच्या ५१ व्या कलमाचा, आणि त्यातही तिसऱ्याच पोटकलमाचा.