शिकायचं कुठे? (लेखांक सातवा) : तळं गुलाबी झालं तेव्हा

फी आणि शिष्यवृत्त्यांचा हिशेब या आठवड्यात मांडतो म्हणालो होतो. तो पुढच्या रविवारी. कारण मेहकरहून एका वडिलांचा फोन आला. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, तिला 'पर्यावरणात' पुढे शिकायचंय. "पोरगी हुशार आहे जी, पण कुठं टाकाव ते समजून नाही राह्यलं. एम.एस्सी. का ते पॉलिसीवालं?" या एका 'का'वर आजचा लेखांक खर्च करतोय.

त्यांना मी उलट विचारलं, "लोणारचं तळं गुलाबी झालं तेव्हा पोरगी काय म्हणाली होती?"

जून 2020. तळ्याचा रंग पालटला आणि फोटो देशभर फिरले. वन विभागाने नमुने धाडले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासले. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मिठात रमणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले. त्यांच्या अंगचं रंगद्रव्य गुलाबी. प्रयोगशाळेत नमुना ठेवून दिला तर हे जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. किती सुंदर उत्तर! ज्याला हे वाचून सूक्ष्मदर्शकाशी बसावंसं वाटतं, त्याने बिनदिक्कत एम.एस्सी.ला जावं.

पण त्याच तळ्याकाठी दुसरा प्रश्न कितीतरी वर्षं उभा आहे. गावचं सांडपाणी तळ्यात उतरतं, ते कोणी थांबवायचं? अभयारण्य म्हणून तळं वन विभागाकडे, काठावरची देवळं पुरातत्त्व खात्याकडे, गटारं नगर परिषदेकडे. 1979 पासून हे राष्ट्रीय भूवारसा स्थळ, नोव्हेंबर 2020 मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव. एवढे मालक असूनही प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलंच. हा प्रश्न परीक्षानळीत सुटत नाही. त्याला कायदा वाचता यावा लागतो, अंदाजपत्रक उलगडता यावं लागतं आणि चार खात्यांना एका टेबलाशी बसवता यावं लागतं. धोरण-अभ्यास म्हणजे हेच.

घाटाखाली उतरलात तरी तेच. संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यात काय आहे हा एक प्रश्न. गोड्या पाण्याची योजना गावात आली तर तिचं वीजबिल कोण भरतं, हा दुसरा.

दुसऱ्या प्रश्नाने झोप उडत असेल, तर मुंबईत टिसचं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) हॅबिटॅट स्टडीज पाहा. पाणी आणि हवामानबदल यांकडे धोरणाच्या अंगाने बघणारं शिक्षण तिथे मिळतं. आयआयटी मुंबईचं 'सितारा' हे केंद्र तंत्रज्ञानाच्या वाटेने त्याच गावात पोचतं. तिथल्या विद्यार्थ्यांना काही आठवडे खेड्यात मुक्काम करावा लागतो. जंगलाची ओढ असेल तर भोपाळची वन व्यवस्थापन संस्था. आणि हे आपल्यासाठी नाही असं वाटलं, तर लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारेचे राजू केंद्रे आठवा. टिसमध्ये शिकून ते चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआसला गेले. आता त्यांची 'एकलव्य' संस्था खेड्यातल्या मुलांना अशा संस्थांच्या दारापर्यंत नेते.

निवडीचा माझा निकष मात्र एकच. माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि गेल्या दोन-तीन वर्षांतल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचे विषय मागवा. शीर्षकांत गावं, नद्या, कायदे दिसले तर अर्ज भरा. नुसतेच 'एक चिकित्सक अभ्यास' दिसले तर पुढचं दार ठोठवा. मी स्वतः तरुणपणी एका संस्थेच्या माहितीपत्रकावरच्या हिरव्यागार फोटोला भुललो होतो. दोन वर्षांत तिथल्या शिक्षकांनी आम्हाला एकदाही फाटकाबाहेर नेलं नाही.

फोन ठेवण्याआधी वडिलांनी मुलीला हाक मारली. ती म्हणाली, "सर, रंगाचं नवल वाटलं. पण नाल्याचं काय झालं, ते कुणी सांगितलंच नाही."

तिचं उत्तर तिच्याकडेच होतं. तुमच्या घरात कोणता प्रश्न आहे, कळवा. फीचं पुढच्या रविवारी, नक्की.