वाखाचे कोठार

मेडवे नदीकाठच्या चॅटम गोदीत आलेला पाहुणा दोरखंड वळण्याची लांबलचक इमारत पाहायला जातो. ३४६ मीटर लांब, १७८६ ते १७९१ या काळात बांधलेली. जवळच्या विटांच्या ‘हेम्प हाउस’कडे फारसे कुणी वळत नाही. पण इंग्लंडच्या आरमाराची खरी दुखरी नस या गोदामातच होती.

इथे भांगेच्या झाडाचा वाख साठवत. याच गोदीत १७६५ मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘व्हिक्टरी’सारख्या जहाजाला चाळीस किलोमीटरांहून अधिक दोर लागे आणि वाख यायचा रशियातून, रीगा आणि सेंट पीटर्सबर्ग बंदरांतून. जगभर दरारा असलेले आरमार परक्या सम्राटाच्या शेतीवर विसंबलेले! म्हणूनच पुरवठा तुटला तरी काम थांबू नये एवढा वाख गाठीशी ठेवणे भाग होते. १७२८ मध्ये बांधलेले गोदाम पुढे १७४३ मध्ये वाढवावे लागले. नेपोलियनने बाल्टिकचा व्यापार अडवायचा घाट घातला, तेव्हा हिंदुस्थानातला तागही चाचपून पाहण्यात आला.

वाख सांभाळणे सोपे नव्हते. ओलसर राहिला तर आतून तापतो. कोरडा असला तर ठिणगी पुरते. गोदामातून निघालेला वाख खिळ्यांच्या फणीवर विंचरत. मग कामगार तो कमरेभोवती गुंडाळून उलटे चालत सूत काढत. सुताला डांबर पाजल्यावर त्याचे पेड आणि पेडांचा दोर. सरकारी दोरात वेगळ्या रंगाचा एक धागा वळलेला असे, चोरीचा माल ओळखता यावा म्हणून.

वाखाचे मोल शत्रूलाही कळत होते. अमेरिकन बंडखोरांच्या बाजूचा रंगारी जेम्स एटकिन याने डिसेंबर १७७६ मध्ये पोर्टस्मथच्या गोदीत आग लावली. दोरखंडाचा कारखाना जळाला. वाखाच्या गोदामात ठेवलेले त्याचे आग लावायचे साधन मात्र पेटलेच नाही. ते जानेवारीत सापडले आणि अपघात समजली गेलेली आग घातपात ठरली. मार्च १७७७ मध्ये गोदीच्या दारात, ‘अरेथुसा’ जहाजाची साठ फुटी डोलकाठी उभारून, त्याला फाशी दिली. शिक्षेचा थाट पाहता सरकार किती हादरले होते ते कळते.

चॅटमच्या कोठारात १८६४ मध्ये वाफेवर चालणारी सूतयंत्रे आली आणि त्यांवर बायका कामाला लागल्या. पुरुष कामगारांशी गाठ पडू नये म्हणून त्यांचे येण्याजाण्याचे दार वेगळे ठेवले होते.